अंडी काढून घेऊ नका

बॅरकपूरच्या पोस्टिंगमध्ये मला डिस्कसचं वेड लागलं. फील्डनंतर पीस स्टेशन, फॅमिली क्वार्टर, आणि रविवारी लोकल पकडली की कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा बाजार. पक्षी, रोपं, मासे, सगळं तिथे रस्त्यावरच मांडलेलं असतं. तिथून मी आठ पिल्लं आणली. आठ अशासाठी, की या माशात नर-मादी बाहेरून नीट ओळखू येत नाहीत. मोठी झाली की ती आपली आपण जोडी जमवतात; आपण ठरवलेलं स्थळ त्यांना पसंत पडेलच असं नाही.

जोडी जमायला वर्ष गेलं. मूळचा ॲमेझॉनचा मासा, त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी, २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं. आमच्या नळाचं पाणी जड. अशा पाण्यात अंडी नीट फळत नाहीत, पांढरी पडतात. म्हणून आर.ओ.चं पाणी मिसळायचं. जानेवारीच्या रात्री लाईट गेली आणि हीटर बंद पडला की आमची ही टाकीला माझं फौजी कांबळं गुंडाळायची.

जोडी वेगळ्या टाकीत सोडली, मधे मातीची सुरई उभी केली. सुरईवर अंडी आली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून खाऊन टाकली. दुकानदार दादा म्हणाले, पुढच्या वेळी सुरईसकट काढून घ्या. काढली. मिथिलीन ब्लू घातलं, पिल्लं पोहायला लागल्यावर त्यांना अंड्यातला बलक चारला. बलकाने पाणी नासतं, म्हणून दर चार तासांनी बदलायचं. गार्ड ड्यूटीच म्हणा. शंभरेक पिल्लांतली पाच जगली. इकडे आई-बाप दोन दिवस सुरईच्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत होते. ते मला बघवलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. घरी हौसेने डिस्कस पाळणाऱ्याने अंडी काढून घेऊ नयेत. ज्याचं पोट त्यावर आहे त्याचा हिशोब वेगळा, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्याला घाई कसली? नवी जोडी एक-दोनदा नव्हे, चार वेळा अंडी खाईल. फार तर सुरईभोवती जाळी लावा, म्हणजे पंखांनी वारा घालता येईल पण तोंड पोचणार नाही. "लहान आहेत, शिकतील," असं ही म्हणायची. माझ्या रिक्रूटांबद्दल मी एवढा धीर कधी धरला नव्हता.

चौथ्या खेपेला जमलं. साधारण ६० तासांत अंडी फुटली, पुढच्या दोन-तीन दिवसांत पिल्लं पोहू लागली आणि थेट आई-बापाच्या अंगाला चिकटली. डिस्कस आपल्या पिल्लांना अंगावरचा चिकट स्राव चारतो, आईही आणि बापही. एक थकला की अंग झटकतो, की सगळा घोळका दुसऱ्याच्या अंगावर. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या स्रावात प्रथिनं आणि रोगापासून वाचवणारे घटक सापडले. दोन-तीन आठवड्यांनी आई-बाप पिल्लांपासून दूर पोहू लागतात, हेही त्यात नोंदलं आहे. म्हणजे दूधही तोडतात. बलकाच्या वाटीत यातलं काय असतं?

मी तासन्‌तास स्टूल टाकून बसायचो. आमचा मुलगा झाला तेव्हा मी राजौरीला होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो चार महिन्यांचा होता आणि मला बघून रडला. टाकीतला नर मात्र दिवसभर पिल्लं अंगावर घेऊन हिंडत होता. हिने एकदा चहा आणून दिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.

पिल्लं दहा दिवसांची असताना बदलीचा हुकूम आला, पुन्हा फील्ड. रेल्वेने डिस्कस नेणं शक्य नव्हतं. शेजारच्या क्वार्टरमधल्या सुभेदारसाहेबांकडे टाकी उचलून नेली. पाणी किती आणि कधी बदलायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. पिल्लं आई-बापांसकटच दिली, अर्थात.

परवा त्यांचा फोन आला. जोडीने पुन्हा अंडी दिली आणि खाल्ली. आता काढून घेऊ का, विचारत होते. म्हटलं, साहेब, राहू द्या त्यांच्यापाशीच. जाळी ट्रंकेत आहे, निळ्या पिशवीत.