सायकलवरचा पाहुणा

हल्ली घराघरातले भाचे-पुतण्या लांबच्या सायकलप्रवासाला निघतात आणि वाटेतल्या नातेवाइकांकडे मुक्काम करतात. मला हे फार आवडतं. एरवी आपण भेटतो ते लग्नात, नाहीतर कुणी गेल्यावर. हा पाहुणा मात्र काही कारण नसताना दारात येतो.

आपल्या वणीशेजारच्या वरोऱ्याचे बाबा आमटे 1985 च्या डिसेंबरात सायकलस्वार तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. वाट 5,000 किलोमीटरहून मोठी, नाव 'भारत जोडो'. माणसांना जोडणं हा हेतू.

म्हणून यजमानांना माझं सांगणं, आग्रह आवरा. पुरणपोळीवर पुरणपोळी वाढून 'आज राहाच' म्हणू नका. उद्या त्याला पुन्हा शंभर किलोमीटर गाठायचे असतात. गाळलेलं पाणी, खिचडी-कढी आणि अंथरूण पुरे.

पाहुण्यानेही आदल्या दिवशी फोन करावा. चौविहार पाळणाऱ्या घरी दिवस मावळल्यावर जेवणाची अपेक्षा ठेवू नये. साधू-साध्वी गोचरीत प्रत्येक घरून थोडंच घेतात, म्हणून कुठल्याच घरावर भार पडत नाही. भेटही तशीच असावी, म्हणजे पुढच्या वेळी त्याला यावंसं वाटेल आणि आपल्यालाही बोलवावंसं वाटेल.