विश्लेषण : सहा आठवड्यांच्या ऑनलाइन इंटर्नशिपमधून खरंच काय शिकता येतं?

‘गुरुवारपर्यंत होईल का?’ असं कुणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं : ‘बघतो’. घरात, कॉलेजात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये या एका शब्दावर आपलं छान चालतं. समोरच्याला सूर कळतो, चेहरा कळतो आणि हे काम गुरुवारपर्यंत काही होत नाही, हेही कळतं. पण समोरचा माणूस जर्मनीत बसला असेल, कॅमेरा बंद असेल आणि ‘बघतो’चं इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ झालं असेल, तर? त्याला हा होकार वाटतो. तो त्यावर पुढच्या चार जणांची कामं आखतो.

वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे एकत्र काम करायला लावणाऱ्या ऑनलाइन इंटर्नशिप्सची हल्ली बरीच जाहिरात होते. ‘ग्लोबल टीमवर्क’, ‘लीडरशिप स्किल्स’, ‘इंटरनॅशनल एक्स्पोजर’ असे शब्द त्यात हमखास असतात. या शब्दांत तथ्य किती? माझं मत असं की तथ्य आहे, पण ते जाहिरातीत सांगतात तिथे नाही. आणि ज्या प्रमाणपत्रासाठी बहुतेक जण धडपडतात, त्यात तर ते अजिबात नाही.

व्हर्च्युअल इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय?

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे व्हिडीओ बघा, दिलेली कामं एकट्याने करा आणि प्रमाणपत्र घ्या. यात दुसरा माणूस येतच नाही. दुसऱ्या प्रकारात तुम्ही घरून एखाद्या कंपनीच्या टीममध्ये खरं काम करता. तिसऱ्यात वेगवेगळ्या देशांतल्या चार-सहा जणांची टीम बनते, सगळ्यांना मिळून एक प्रश्न सोडवायचा असतो आणि वर एक मार्गदर्शक असतो.

तिसऱ्या प्रकाराला जगात बऱ्यापैकी इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ मध्ये ‘कॉइल’ केंद्र सुरू केलं. दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन एकत्र शिकायचं, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेतून २०१० मध्ये ‘एक्स-कल्चर’ सुरू झाला. त्यात अनेक देशांतले विद्यार्थी एका टीममध्ये कंपन्यांचे खरे प्रश्न हाताळतात. युरोपीय महासंघानेही २०१८ ते २०२० या काळात ‘इरॅस्मस प्लस व्हर्च्युअल एक्स्चेंज’चा प्रयोग केला. म्हणजे कोविडमुळे ही कल्पना घराघरात पोहोचली, पण ती त्याआधीची आहे.

आपल्याकडे याचं महत्त्व का वाढलं?

दोन कारणं आहेत. पहिलं नियमांचं. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात चार वर्षांच्या इंजिनीअरिंग पदवीत इंटर्नशिप आणि तत्सम कामांसाठी ६०० ते ७०० तास अपेक्षित धरले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यातही इंटर्नशिपला श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. आता जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजच्या शे-दोनशे मुलांना एकाच उन्हाळ्यात घेईल, असा कारखाना जवळपास कुठे आहे? मग ऑनलाइनचा रस्ता सोपा वाटतो.

दुसरं कारण नोकरीचं. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये भारतात परदेशी कंपन्यांची १७०० हून अधिक ‘ग्लोबल कपॅबिलिटी सेंटर्स’ होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुणे हे त्यातलं एक महत्त्वाचं शहर. हिंजवडीत किंवा खराडीत बसलेल्या मुलीचा बॉस म्युनिकला असणं आणि तिने लिहिलेला कोड टेक्सासमधल्या कुणी तरी तपासणं, यात आता नवल राहिलेलं नाही. पण अशा माणसांशी कसं बोलायचं, हे कोणत्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

‘बघतो’ने काय घोळ केला?

२०२० चा जून. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या टप्प्यात होतो. लॉकडाऊनमुळे ठरलेलं औद्योगिक प्रशिक्षण रद्द झालं आणि एका सीनिअरच्या ओळखीने सहा आठवड्यांचा ऑनलाइन प्रोजेक्ट मिळाला. टीममध्ये मी, नागपूरची एक मुलगी, ब्राझीलची एक आणि व्हिएतनामचा एक विद्यार्थी. मार्गदर्शक जर्मनीत. शीतगृहातल्या तापमानाच्या नोंदी स्वच्छ करून त्यांचा डॅशबोर्ड बनवायचा होता. नोंदी स्वच्छ करणं माझ्याकडे होतं.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी मार्गदर्शकाने विचारलं, गुरुवारपर्यंत होईल का? मी लिहिलं, ‘आय विल ट्राय, सर’. निम्म्या नोंदींमध्ये वेळेचा रकानाच चुकलेला होता. हे काम गुरुवारी होणार नाही, हे मला त्या क्षणी माहीत होतं. पण ‘सरांना’ तोंडावर नाही कसं म्हणायचं? शुक्रवारी ब्राझीलची मुलगी तिच्या सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसली. माझी फाइल आलेलीच नव्हती. त्या दिवसासाठी तिने तिच्या पार्टटाइम नोकरीतून सुट्टी घेतली होती.

मार्गदर्शक ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं की मंगळवारी तुला काय माहीत होतं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, म्हणूनच तो लागला. मला सगळं माहीत होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. माझ्या सभ्यतेची किंमत त्या मुलीने मोजली होती, एक दिवसाच्या पगाराने.

संशोधक याबद्दल काय सांगतात?

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मधल्या ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात संवादाच्या दोन पद्धती सांगितल्या. काही समाजांत बराचसा अर्थ संदर्भात असतो : कोण बोललं, कसं बोललं, काय बोललं नाही. काही ठिकाणी तो बहुतेक सगळा शब्दांतच असतो. आपला ‘बघतो’ पहिल्या गटातला.

डच संशोधक हेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासल्या आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर समाज किती सहज स्वीकारतो, याच्या मोजपट्टीवर भारताला ७७ गुण आहेत आणि जर्मनीला ३५. माझ्या त्या ‘सर’ शब्दाचं स्पष्टीकरण या दोन आकड्यांत थोडंफार सापडतं.

पण थोडंफारच. हे आकडे एका कंपनीतल्या, त्या काळच्या कर्मचाऱ्यांचे आहेत आणि देशाची सरासरी म्हणजे माणूस नव्हे. आमच्या टीममध्ये सगळ्यांत रोखठोक होती ती नागपूरची मुलगी. तिने पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकाला सांगितलं की तुम्ही दिलेली मुदत चुकीची आहे. देशांचे तक्ते पाठ करून टीम चालत नाही. तक्त्याचा उपयोग एवढाच की समोरचा ‘विचित्र’ वागला, तर आधी त्याच्या स्वभावावर शिक्का मारू नये आणि सरळ विचारावं.

मग शिकायचं काय?

माझ्या अनुभवात तीन गोष्टी. पहिली : वाईट बातमी लवकर आणि लेखी देणं. ‘गुरुवारी होणार नाही, निम्म्या नोंदी खराब आहेत, सोमवारी देतो, तोवर उरलेल्या निम्म्यावर काम सुरू करता येईल’ हे वाक्य लिहायला एक मिनिट लागतं. ते पाठवण्याची हिंमत यायला मला तीन आठवडे लागले.

दुसरी : घड्याळ. आमची मीटिंग भारतात संध्याकाळी साडेसहाला असायची. तेव्हा जर्मनीत दुपारचे तीन, ब्राझीलमध्ये सकाळचे दहा आणि व्हिएतनाममध्ये रात्रीचे आठ वाजलेले असत. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. म्हणजे जर्मनीतली तीनची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे साडेसातला येते. अमेरिकेत हा बदल वेगळ्या रविवारी होतो. ‘संध्याकाळी भेटू’ या वाक्याला अशा टीममध्ये काहीच अर्थ नसतो. शिवाय दर वेळी रात्री कोण जागतं, हा प्रश्न न्यायाचाही आहे.

तिसरी गोष्ट नेतृत्वाची. कागदावर दर आठवड्याला टीमलीडर बदलायचा. प्रत्यक्षात टीम चालवली व्हिएतनामच्या मुलाने. त्याचं बोललेलं इंग्रजी आमच्या सगळ्यांत कच्चं होतं. पण प्रत्येक मीटिंगनंतर तो चार ओळी टाकायचा : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, कुठे अडलंय. मीटिंगमध्ये जे गप्प बसायचे, त्यांना तो आदल्या दिवशी प्रश्न पाठवून ठेवायचा, म्हणजे उत्तर तयार करायला वेळ मिळे. आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की माइक आठवतो. तिथे ते चार ओळींत होतं.

अडचण कुठे आहे?

हे सगळं घडलं, कारण खरं काम होतं, ते एकमेकांवर अवलंबून होतं आणि चूक दाखवणारा माणूस होता. यातलं एकही नसेल तर काहीच घडत नाही. गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीने पैसे भरून एक ‘आंतरराष्ट्रीय’ ऑनलाइन इंटर्नशिप केली. पहिल्या दिवशी पीडीएफ आली, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आलं. मधल्या चार आठवड्यांत तिला एकही माणूस भेटला नाही, ना देशातला ना परदेशातला. प्रोजेक्ट तिने इंटरनेटवरून उचलला. कुणी तपासला नाही. कॉलेजने मात्र श्रेयांक दिले.

दोष तिचा कमी आहे. कॉलेज तास मोजतं आणि कागद मागतं, मग बाजार कागद पुरवतो. यात खरं नुकसान होतं ते ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, ज्यांच्या ओळखीत कुणी परदेशात नाही, त्या मुलांचं. शहरातल्या महागड्या कॉलेजांची मुलं सेमिस्टर एक्स्चेंजला जाऊन येतात. इतरांसाठी व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाशिवाय उघडणारं हे एकच दार आहे. ते खोटं निघालं, तर दुसरं दार नाही.

सहा आठवड्यांत कुठली संस्कृती कळते, असा एक आक्षेप असतो. बरोबर आहे, कळत नाही. पण स्वतःच्या सवयी मात्र कळतात. ‘बघतो’ हा शब्द मी वीसेक वर्षं वापरत होतो. तो माझ्या कानाला पहिल्यांदा ऐकू आला, तो त्या शुक्रवारी.

चांगली इंटर्नशिप ओळखायची कशी?

नाव नोंदवण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

• टीममध्ये किती जण आहेत, कुठले आहेत, आणि आठवड्यातून किती वेळा समोरासमोर बोलणं होतं?

• माझं काम दुसऱ्या कुणाच्या कामावर अवलंबून आहे का?

• मार्गदर्शक कोण आहे? तो माझं काम वाचून अभिप्राय देणार का?

• शेवटी दाखवण्यासारखी कोणती वस्तू हातात असेल : कोड, अहवाल, आराखडा?

• पैसे कोण कुणाला देतं? तुम्हीच देत असाल, तर आधीच्या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी मागा.

फुकट आणि चांगले पर्यायही आहेत. २००५ पासून चालणाऱ्या ‘गुगल समर ऑफ कोड’मध्ये घरी बसून मुक्त सॉफ्टवेअरच्या जागतिक गटांसोबत काम करता येतं. प्रोजेक्ट साधारण ९० ते ३५० तासांचे असतात आणि मानधन मिळतं. तंत्रज्ञानात ज्यांचं प्रमाण कमी आहे, अशा घटकांसाठी ‘आउटरीची’ ही तीन महिन्यांची सशुल्क नव्हे, सवेतन इंटर्नशिप आहे. निवड अवघड असते. पण अर्ज करताना जे लिहावं लागतं, त्यातच निम्मं शिक्षण होतं.

कॉलेजांनी काय करावं?

एकच बदल पुरेसा आहे. श्रेयांक देताना प्रमाणपत्राऐवजी दोन पानं मागावीत. पहिल्यावर : टीममध्ये मतभेद कुठे झाला आणि तो कसा सुटला. दुसऱ्यावर : माझ्यामुळे कुणाचं काम अडलं आणि मी ते कधी कळवलं. सोबत मीटिंगच्या नोंदी जोडाव्यात आणि प्राध्यापकांनी दहा मिनिटं तोंडी विचारावं. ज्याने काम केलंय तो थांबणार नाही. ज्याने पीडीएफ डाउनलोड केली, त्याच्याकडे सांगायला मतभेदच नसेल. यासाठी ना निधी लागतो ना नवा जीआर.

हा लेख संपादकांनी संध्याकाळी सहापर्यंत मागितला होता. मी दुपारी बारालाच कळवलं : सहाला होणार नाही, साडेसातला देतो. त्यांनी ‘ठीक’ म्हणून दुसरी बातमी आधी घेतली. तुम्ही हे वाचताय, म्हणजे साडेसातची वेळ पाळली गेली.