विश्लेषण : धरणातल्या होडीला नांगर केवढा, साखळी किती?

वरुड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवणे आणि लाइफ जॅकेट यांवर बरीच चर्चा झाली. नांगराने तो अपघात टळला असता, असे नाही. पण इंजिन बंद पडले, वल्हे तुटले किंवा वादळ आले, तर होडी जागेवर रोखणारे दुसरे साधन नाही. तरीही वऱ्हाडातील जलाशयांवर त्याचा विचार सर्वात शेवटी होतो.

दगड का पुरत नाही?

अनेक डोंग्यांना आजही दोराला बांधलेला दगडच नांगर म्हणून असतो. काळा दगड पाण्यात सुमारे एक तृतीयांश हलका होतो. म्हणजे ३० किलोचा दगड तळाशी २० किलोच भरतो, शिवाय तो घसरतो. लोखंडी नांगर वजनापेक्षा रुतण्याच्या जोरावर धरून ठेवतो. नांगराच्या फाळाने जमीन धरावी, तसेच हे.

तळ पाहून नांगर

ऊर्ध्व वर्धा किंवा काटेपूर्णासारख्या धरणांच्या बुडित क्षेत्रात शेतजमिनी गेल्या. काळी माती आणि गाळ असेल तिथे रुंद, चपट्या पात्यांचा नांगर चांगला रुततो. खडकाळ तळावर तो निसटतो. तिथे चार आकड्यांचा नांगर उपयोगी. मात्र तो बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकू शकतो. म्हणून सोडवणीसाठी वेगळी बारीक दोरी आणि तरंगता डबा बांधावा.

साखळीचे काम काय?

दोर उभा ताणला, की नांगर वर उपसला जातो. साखळीचे वजन ही ओढ आडवी ठेवते. म्हणून सगळीच साखळी असेल तर खोलीच्या पाचपट आणि बहुतांश दोर असेल तर सातपट लांबी सोडावी, असा ठोकताळा आहे. खोली मोजताना पाण्यापासून होडीच्या टोकापर्यंतची उंचीही धरावी. पाणी ८ मीटर आणि टोक १ मीटर वर असेल, तर दोर व साखळी मिळून ६३ मीटर हवेत. धरण भरत गेले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो.

साधारण ६ मीटरच्या हलक्या होडीला ६-७ किलोचा नांगर, ६ मिलिमीटरची ६ मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर चालतो. १० मीटरच्या होडीला सुमारे १५ किलोचा नांगर आणि ८ मिलिमीटरची साखळी लागते. ही साखळी मीटरला जवळपास दीड किलो भरते. प्रवासी मोजताना हेही वजन धरायला हवे.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की होडीवरचा जोर चौपट होतो. त्यामुळे शांत दुपारी पुरलेला नांगर मे महिन्यातील वावटळीत पुरेलच असे नाही. ‘तौक्ते’ चक्रीवादळात मे २०२१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा २६१ जणांचा तराफा नांगर सुटल्यानेच भरकटला आणि पुढे बुडाला. आणखी एक पथ्य : नांगर होडीच्या पुढच्या टोकालाच बांधावा. मागे बांधला तर प्रवाहात मागची बाजू दबून पाणी आत शिरते.

मग करायचे काय?

अंतर्देशीय जलवाहने कायदा, २०२१ मध्ये यंत्राशिवाय चालणाऱ्या होड्यांची स्थानिक पातळीवर नोंदणी आणि सुरक्षेची तरतूद आहे. ती राबवताना जॅकेटांबरोबर नांगर, साखळी आणि दोराची लांबीही तपासली जावी. बोटिंगचा ठेका देताना ती अट असावी. मासेमारी सहकारी संस्थांच्या सभासदांना जाळ्याबरोबर नांगरासाठीही अनुदान मिळावे. हा खर्च होडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. परवडत नाही म्हणून दगडावर भागवणाऱ्या मासेमाराला दोष देण्याआधी, पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्यांना तरी त्यात सूट मिळू नये.