ज्याची खावी पोळी...

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्यामुळे दोन महिने संगणकापासून सक्तीची सुट्टी होती. आज लिहिण्याचे निमित्त म्हणजे अमेरिकेतला माझा भाचा. दर रविवारी त्याचा फोन असतो. आधी तब्येत, मग हवापाणी, मग राजकारण, आणि राजकारणावर आलो की आमचे भांडण ठरलेले!

परवा विषय निघाला माहिती आयोगाचा. मी आपली तावातावाने सांगत होते की सरकारवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा पगार आणि मुदत सरकारच्या मुठीत असता कामा नये, ती कायद्यातच लिहिलेली हवी. तर हा म्हणतो, "अगं मावशी, कायद्यात लिहून काय होतं? शेवटी माणूस कसा आहे त्यावर सगळं. चांगला माणूस नेमा, कायद्याची गरजच नाही."

हे वाक्य मी गेली पन्नास वर्षे ऐकते आहे. लग्नकार्यात, रेल्वेत, स्टाफरूममध्ये. ऐकायला फार गोड वाटते, पण ते खोटे आहे, आणि खोटे का आहे ते मला स्वतःवरून ठाऊक आहे. फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहिते.

१९७६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी एका खाजगी संस्थेच्या शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवत होते. नेमणूक तात्पुरती. म्हणजे एप्रिलअखेर सेवा समाप्तीचा कागद हातात पडायचा आणि जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचे पत्र आले तर आले. मे महिना कसा जायचा ते ज्यांनी काढला त्यांनाच कळेल. त्या वर्षी नववीत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा पुतण्या इतिहासात नापास झाला. अठ्ठावीस गुण. मुख्याध्यापकांनी बोलावून पेपर पुढे ठेवला आणि एवढेच म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा बघता का?" धमकी नाही, आवाज चढवणे नाही. चहासुद्धा मागवला होता.

मी पुन्हा बघितले. पस्तीस केले.

माझ्याबरोबर गणिताचे एक सर होते, त्यांना त्याच मुलासाठी तसेच विचारले गेले. त्यांनी नाही म्हटले. जूनमध्ये मला पत्र आले, त्यांना आले नाही. त्यांची दोन मुले लहान होती. पुढे ते कुठे गेले हे मी कधी विचारले नाही, कारण विचारायची लाज वाटत होती.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग. १९७७ साली महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ पासून तो लागू झाला. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ नीट पार पडला की शिक्षक कायम. काढायचे तर रीतसर चौकशी करावी लागेल, आणि अन्याय झाला तर दाद मागायला न्यायाधिकरण. त्याआधी नियम नव्हते असे नाही हं! माध्यमिक शाळा संहिता होती, तिच्यात चांगली चांगली कलमे होती. पण तिला कायद्याचे बळ नव्हते. संहिता कपाटात आणि संस्था खुर्चीत, असा कारभार.

१९८३ मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. तेच दालन, त्याच खुर्चीत बसलेली तीच मी, फक्त मुलगा दुसरा. मी म्हटले, "सर, पेपर तपासून झालाय." आणि उठून वर्गावर गेले. काहीही झाले नाही.

सात वर्षांत माझे चारित्र्य सुधारले होते का? मुळीच नाही. मी १९७६ मध्ये वाईट नव्हते आणि १९८३ मध्ये कोणी रणरागिणी झाले नव्हते. मधल्या काळात एक कायदा झाला होता, एवढेच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. पोळी कोण देतो हे बदलले की टाळीही बदलते.

तर आता माहिती आयोग. २००५ चा माहिती अधिकार कायदा आला तेव्हा मी निवृत्तीच्या जवळ होते. महाराष्ट्राला तो नवा नव्हता, आपला स्वतःचा कायदा आधीच होता आणि त्यासाठी अण्णा हजाऱ्यांचे उपोषणही झाले होते. निवृत्तीनंतर मी एकदा अर्ज केला, माझ्या एका मैत्रिणीच्या अडकलेल्या फाइलीसाठी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. पंचविसाव्या दिवशी तिथल्या कारकुनाचा फोन, "बाई, अपिलात जाऊ नका, देतो." आणि दिलीही! कारकून मला घाबरला नव्हता. माझ्या पाठीमागे कुठेतरी बसलेल्या आयुक्ताला घाबरला होता, ज्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड करता येतो. राखणदार एकदाही भुंकला नाही, त्याच्या असण्यानेच काम झाले.

हा आयुक्त मजबूत राहावा म्हणून २००५ च्या कायद्यात दोन गोष्टी थेट कलमांत लिहिल्या होत्या. मुदत पाच वर्षे, किंवा वयाची पासष्ट, जे आधी येईल ते. आणि केंद्रातल्या मुख्य आयुक्तांचा दर्जा मुख्य निवडणूक आयुक्तांइतका, राज्यातल्या आयुक्तांचा मुख्य सचिवांइतका. हा दर्जा कुणी चुकून दिला नव्हता. विधेयक संसदेच्या स्थायी समितीपुढे गेले होते आणि समितीनेच दर्जा वाढवा असे सुचवले होते. जो माणूस सचिवाला नोटीस काढणार, तो सचिवाच्या हाताखालचा वाटता कामा नये, इतका साधा हिशेब.

जुलै २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. पाच वर्षे हे शब्द कलमातून गेले आणि त्या जागी आले, केंद्र सरकार ठरवील तितकी मुदत, केंद्र सरकार ठरवील ते वेतन. राज्याच्या आयुक्तांचेही दिल्लीच ठरवणार! ऑक्टोबरात नियम निघाले, मुदत तीन वर्षांवर आली. राज्याच्या मुख्य आयुक्तांचे वेतन अडीच लाखांच्या दर्जावरून सव्वादोन लाखांवर आले. आणि नियमांच्या शेवटी एक ओळ, की हे नियम शिथिल करण्याचा अधिकारही केंद्र सरकारलाच.

सव्वादोन लाख कमी आहेत असे माझे म्हणणे नाही हो. माझ्या पेन्शनीच्या मानाने तो आकडा मला नीट मोजताही येत नाही. रक्कम किती हा प्रश्नच नाही. ती कायद्याच्या पुस्तकात होती, तिथून उचलून साहेबाच्या टेबलावर ठेवली, हा प्रश्न आहे. पुस्तकातले बदलायला संसदेत उभे राहून बोलावे लागते, मतदान घ्यावे लागते, चार माणसे ओरडतात. टेबलावरचे बदलायला अधिसूचना पुरते. म्हणजे कायद्यातून पुन्हा आमच्या जुन्या शाळा संहितेकडेच की!

समर्थन काय केले गेले? निवडणूक आयोग घटनेने निर्माण केला आहे, माहिती आयोग साध्या कायद्याने, तेव्हा दोघांना एक दर्जा कसा? मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. ज्याला घटनेचे छप्पर नाही त्याला कायद्याची भिंत जास्त जाड हवी. ज्या मुलाला बाप नाही त्याच्या वाटचे दूध कमी करा, असे कोणी म्हणते का?

एक गोष्ट मान्य करते. नेमणूक झाल्यावर त्या आयुक्ताचे वेतन त्याच्या तोट्याचे होईल असे बदलता येत नाही, ही तरतूद शिल्लक आहे. त्याच आयुक्ताची पुनर्नेमणूक होत नाही हेही खरे. पण पुढच्याचे बदलता येते. आणि नोकरीची आशा त्या एकाच खुर्चीची थोडीच असते? महालेखापालांना निवृत्तीनंतर सरकारी पद घेता येत नाही, घटनेतच तसे आहे. केंद्रीय दक्षता आयुक्तांनाही कायद्याने बंदी आहे. माहिती आयुक्ताला तसे कुठे आहे? तीन वर्षे संपतील, मग पुढे काय, हा विचार ज्याच्या मनात आहे त्याच्यापुढे मंत्र्याच्या खात्याचे अपील आले तर? मला १९७६ चा तो चहाचा कप आठवतो.

आणि राखणदाराला नमवायचा याहून सोपा उपाय म्हणजे तो नेमायचाच नाही! २०१४ च्या ऑगस्टपासून २०१५ च्या जूनपर्यंत केंद्रीय आयोगाला मुख्य आयुक्तच नव्हता. झारखंडात मे २०२० नंतर तर एकही आयुक्त उरला नाही आणि आयोग कितीतरी वर्षे नुसता पाटीपुरता राहिला. विरोधी पक्षनेत्याला मान्यता नाही म्हणून निवड समिती बसत नाही, असे कारण. अहो, मान्यता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता धरावा असे कायद्यातच लिहिले आहे! सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये जागा रिकामी होण्याच्या आधीच प्रक्रिया सुरू करा असे सांगितले होते. आपल्या महाराष्ट्रात काय? सतर्क नागरिक संगठनच्या २०२४ च्या अहवालात आपल्या आयोगापुढे लाखाहून जास्त प्रकरणे पडून होती, देशात सर्वांत जास्त. पहिल्या अपिलाला कायद्यात तीस ते पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, दुसऱ्या अपिलाला मुदतच नाही. तळेगावच्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. माहिती मागणारी माणसे अशी जिवावर उदार होऊन मागत होती, आणि देणाऱ्याला तारीख नाही.

गोव्यात तर आणखी गंमत. तिथे राज्य निवडणूक आयुक्ताचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्या कायदा सचिवाकडेच दिला होता. वादी तोच, पंचही तोच! मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले आणि सरकारी नोकर हे पद सांभाळू शकत नाही असे सगळ्याच राज्यांना बजावले.

भाच्याचे हुकमी पान म्हणजे शेषन. "शेषनना कुठला कायदा लागला, मावशी?" लागला ना! घटनेचे ३२४ वे कलम. मुख्य निवडणूक आयुक्ताला काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची सगळी प्रक्रिया करावी लागते. शेषन गरजत होते ते त्या कलमावर पाय रोवून. आणि काढता येत नाही म्हटल्यावर सरकारने काय केले? ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांच्या शेजारी आणखी दोन आयुक्त आणून बसवले. कायद्यात जिथे फट होती नेमकी तिथूनच आत शिरले. (निवड समितीची फट तर अजून आहे. २०२३ च्या मार्चमध्ये न्यायालयाने सरन्यायाधीशांना समितीत घ्या म्हटले, डिसेंबरात कायदा झाला आणि त्यांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री आला. तिघांत दोन सरकारचे. मतदान कशाला घेतात कोण जाणे.)

डॉ. आंबेडकरांना हे फार आधी दिसले होते. मे १९४९ मध्ये संविधान सभेत महालेखापालांच्या कलमावर बोलताना त्यांनी हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असे मानले होते, आणि न्यायपालिकेइतके स्वातंत्र्य त्याला मिळत नाही याची खंत केली होती. चांगला माणूस नेमा म्हणजे झाले, असे ते म्हणाले नाहीत.

मग भाच्याने शेवटचा बाण काढला. "आमच्याकडे होता की कायदा! काय उपयोग झाला?" त्याचे खरे आहे. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या खात्यात इन्स्पेक्टर जनरल असतो, १९७८ च्या कायद्याने. त्याला काढायचे तर तीस दिवस आधी संसदेला कारणांसह कळवावे, अशी अट २०२२ मध्ये आणखी कडक केली होती. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सतराच्या आसपास इन्स्पेक्टर जनरल एका रात्रीत काढून टाकले. कळवणे नाही, कारण नाही. सप्टेंबरात न्यायाधीशांनी हे बेकायदा होते असे सांगितले, पण खुर्ची परत दिली नाही.

यावरून तो म्हणतो कायदा निरुपयोगी. मी म्हणते, कुलूप कच्चे होते. काढायचा अधिकार एका माणसाच्या हातात ठेवला आणि त्याला फक्त पत्र लिहायची अट घातली, तर तो पत्र लिहिणार नाही, दुसरे काय? आपल्या माहिती आयुक्ताला गैरवर्तनासाठी काढायचे तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे चौकशीला पाठवावे लागते. हे कुलूप पक्के आहे, म्हणून तर त्याला हात न लावता मुदतीला आणि वेतनाला हात लावला! चोर नेहमी खिडक्या आधी बघतो.

माझ्या विरोधातलेही सांगून टाकते. कायम झाल्यावर आमच्यातले काही शिक्षक सुस्तावले. वर्गात पेपर वाचणारे मी पाहिले आहेत. आयुक्तही सुस्तावतात, त्यातले बरेचसे निवृत्त सनदी अधिकारी असतात आणि जुन्या सहकाऱ्यांवर दंड बसवताना त्यांचा हात जड होतो. शैलेश गांधींसारखा बाहेरून आलेला, २००८ ते २०१२ या काळात झपाट्याने निकाल देणारा आयुक्त विरळा. पण सुस्त शिक्षकावर उपाय म्हणून सगळ्यांना पुन्हा एप्रिलअखेर घरी पाठवायचे का? निकालाची तारीख कायद्यात घाला, दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस लिहा, पाच वर्षे परत कलमात आणा, निवृत्तीनंतरच्या पदांवर बंदी घाला, जागा रिकामी व्हायच्या तीन महिने आधी नाव जाहीर झालेच पाहिजे असे लिहा. लिहिता येते हे सगळे. २००५ मध्ये लिहिलेच होते की अर्धे.

आमच्या खासदारांना मी पत्र लिहिले आहे, हाताने, दोन पाने. पोच आली, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन. भाचा हे वाचेलच. रविवारी फोन करशील तेव्हा, बाळा, त्या गणिताच्या सरांबद्दल विचारू नकोस. त्यांचे पुढे काय झाले ते मला अजूनही माहीत नाही.