खोक्यावरचे व्होल्ट आणि आंबवड्याची भिंत

भोरहून मांढरदेवीकडे जाताना लागणाऱ्या आंबवड्यात सगळ्या भिंती एका जातीच्या नाहीत. जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या, नंतरच्या भाजक्या विटांच्या, अलीकडच्या घरांत काँक्रीटचे पिलर आणि मध्ये विटांचा भराव. बॅटरीवर चालणारे स्वस्त हॅमर ड्रिल घ्यावे का, याचा निकाल पुण्याच्या बोहरी आळीतल्या काउंटरवर लागत नाही. तो या भिंतींसमोर लागतो.

भारतीय मानकांत भाजक्या विटेचा सर्वांत खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसतो. घराच्या स्लॅबला वापरतात त्या एम-२० काँक्रीटचा आकडा २० आहे. सह्याद्रीतला घट्ट, न झिजलेला बेसाल्ट सहज १०० च्या पुढे जातो. विटेत लोण्यात शिरावे तसे शिरणारे बिट शेजारच्या जुन्या घराच्या दगडात नुसते चरचरत राहते, ते यामुळे.

त्यातून ‘हॅमर’ या शब्दाने फसगत होते. स्वस्त यंत्रात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिटाला मिनिटाला हजारो बारीक टिचक्या बसतात. हा मार हलका असतो आणि जोर मिस्त्रीच्या खांद्यालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरचे तसे नाही. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा घाव घालते. घाव मोजके, पण भरीव. दिसायला दोघे भाऊ, कामाला मात्र परके.

खोक्यावर ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असे आकडे छापलेले असतात, तिथे साधा गुणाकार करावा. लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. ओळीत पाच सेल असले तर २१ व्होल्ट, आणि चालू कामात साधारण १८. खरेच ४८ व्होल्ट हवे असतील, तर एकामागे एक १२ सेल लागतील, आणि मग बॅटरी मुठीखाली मावणार नाही. ‘६ अँपिअर-अवर’चेही तेच. नेहमीचा बोटाएवढा १८६५० सेल साडेतीनच्या आसपासच थांबतो, म्हणून पाचच सेलांच्या बॅटरीवर ६ लिहिलेले असेल, तर ती थाप आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ ही खूण आणि नोंदणी क्रमांक असावा. तो नसेल, तर स्वस्ताईचे कौतुक तिथेच थांबवावे.

आकडे खरे असले, तरी काम अडू शकते. बॅटरीवरचे ड्रिल चंद्रावरही अडले होते. जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांना उष्णता मोजण्यासाठी सुमारे ३ मीटर खोल भोके पाडायची होती. यंत्र फिरत होते, आघातही करत होते, तरी पहिले भोक १.६ मीटरच्या आसपास अडले. दांड्याच्या सांध्यापाशी पन्हाळ्या तुटक होत्या, त्यामुळे भुगा वर येईना. पुढच्या मोहिमेत दांडे सुधारून नेले. आंबवड्यातल्या गवंड्याला हे नवल वाटणार नाही. तो चार-दोन सेकंदांनी बिट बाहेर काढून भुगा झाडतो आणि बोथट बिट फेकून देतो.

मग घ्यावे का? तीन-साडेतीन हजारांत १२ व्होल्टचे, आकडे खरे सांगणारे आणि ज्याची बॅटरी पुढे सुटी मिळेल असे यंत्र विटेच्या घराला पुरते. पडद्याचा रॉड, कपाटाचे बिजागर, पावसाळ्याआधी पत्र्याचे सैल स्क्रू. शेतातल्या मोटारीच्या खोलीत प्लग नसतो, लाइट गेली तरी काम अडत नाही, हे त्याचे खरे बळ आहे. बाकी तेवढ्याच पैशांत, बहुतेकदा कमीतच, वायरचे १३ मिलिमीटरचे ड्रिल येते आणि काँक्रीटवर तेच वरचढ ठरते. काळ्या दगडाला तर यातले एकही लावू नये. रोटरी हॅमर एका दिवसापुरता भाड्याने आणावा, किंवा मिस्त्रीला बोलवावे.

आणि खोक्यावर ८८ दिसले, तर दुकानदाराला एवढेच विचारा: बॅटरीत सेल किती आहेत?