आईला बसवून ठेवू नका!

परवा माहेरी गेले होते. आई ओट्यावर बसलेली. मला बघून हसली, पण उठली नाही. म्हटलं, 'काय गं, बरं नाही का?' तर म्हणाली, 'बरी हाय. पण बसून बसून गुडघं धरल्यात बघ.'

हीच आई दोन वर्षांपूर्वीपर्यंत पहाटे अंगण झाडायची, शेणघाण करायची, वैरणीचा भारा डोक्यावर आणायची. मग दादाने जनावरं विकली, वहिनीने हातातला झाडू काढून घेतला. 'आयुष्यभर राबलीस, आता बस.' सगळं मायेपोटीच हो! आणि आई खरंच बसली. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण मनात भीती बसली आणि होतं तेवढं चालणंही थांबलं.

मैत्रिणींनो, म्हाताऱ्या बाईने मरेस्तोवर राबावं असं मी मुळीच म्हणत नाही. दिवसभर उकिडवं बसून खुरपणं म्हणजे व्यायाम नव्हे, त्याने कंबर नि गुडघे झिजतात. पण राबणं थांबवायचं म्हणजे हलणंच थांबवायचं का? वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि नुसतं बसून राहिलं की ते आणखी लवकर जातात. मग तोल जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये सांगितलंय, की ६५ वर्षांवरील माणसांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल करावी. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं! शिवाय आठवड्यातून तीन दिवस तरी ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम हवेत. त्याला जिम कशाला? खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायचं-बसायचं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. झालं!

'गावात बाई रिकामी फिरायला निघाली की लोक हसतात,' असं आई म्हणाली. खरंय. सांजेला रस्त्यावर दिवे नसतात, कुत्री मागे लागतात, मोटारसायकली अंगावर येतात, हेही खरं. म्हणून एकटीने नाही, चौघींनी मिळून उजेडात निघायचं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या बाया गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन शाळेत गेल्या. त्या पाटी-पेन्सिल धरू शकतात, तर आपल्या आया मारुतीच्या देवळापर्यंत चालू शकत नाहीत?

निघताना वहिनीला म्हटलं, 'अंगणातली तुळस नि परसातली भाजी तरी आईंच्या हाती राहू दे. आणि न्हाणीत धरायला एक कडी बसवा.' शेजारच्या काकूंनाही गाठून सांगितलं.

काल आईचा फोन आला. 'आज देवळापतूर गेलो गं, काकू नि मी. येताना दोनदा बसलो.'

बसू दे. उठल्या ना परत!