राजीची भाऊबीज

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ट्रॉम्ब्याच्या घरी फराळाच्या जोडीला एक व्हिडिओ गेम आला. नाव ‘राजी’. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तो २०२० साली काढला. मराठीच्या प्राध्यापकाचे यात काय काम? पण कन्येने मला शेजारी बसवलेच.

असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला ही राजी निघते. हाती दुर्गेचा त्रिशूळ. भोवती राजस्थानी थाटाचे महाल. मधली कथा छायाबाहुल्या सांगतात. मला तर आपल्या पिंगुळीची आठवण झाली.

दोष? आहेत ना! कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, म्हणून उडीचा अंदाज चुकतो. लढाया पुढेपुढे त्याच त्या. आणि शेवट इतका एकाएकी, की कादंबरीची अखेरची पाने कुणी फाडून न्यावीत!

मी कुरकुरलो, तशी कन्या म्हणाली, “बाबा, ती भावासाठी केवढी धावते! तुम्ही मुलुंडच्या आत्याकडे तीन वर्षांत फिरकला नाहीत.”

माझे परीक्षण तिथेच संपले. या भाऊबीजेला मी मुलुंडला जाणार आहे. ताई रागावेल, पण पाट मांडील.